चामराजपेटेतली सावागिरी

बंगळूरच्या चामराजपेटेत संध्याकाळ झाली की वखारीच्या कोपऱ्यावर मरगेणसूची गाडी लागायची. ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो हा कंद. इथं तो उकडून, वर मीठ-मिरची भुरभुरून पानावर देतात आणि गिऱ्हाइकं गाडीभोवती उभ्यानंच खातात. विठोजी ती गाडी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जायचा. एखाद्या दिवशी टांग्याखाली आला असता, पण अलीकडून गेला नसता. बायको कृष्णाबाईची तक्रार त्याहून मोठी होती. एकादशी असो की शिवरात्र, घरात साबुदाण्याचा दाणा आणायची सोय नव्हती. "मराठ्याचं घर आणि उपासाला साबुदाणा नाही," ती शेजारणींना सांगायची, "आम्ही आपले वरीवर दिवस काढतो." नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, पोटाला मानवत नाही. त्याचं पोट दगड पचवणारं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लढाईवरून परत आलेल्या माणसाला फार खोदून विचारू नये, हेही तिला कुणी न सांगता कळलं होतं.

विठोजी म्हैसूरच्या पलटणीतून मलायात गेला, सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडला, आणि लढाई संपल्यावर सेहेचाळीस साली हाडांचा सापळा होऊन घरी आला. त्याच्याबरोबर गेलेला त्याचा दोस्त कल्लाप्पा आला नाही. मग विठोजी लाकडाच्या वखारीत कामाला लागला. ओंडके मोजून घ्यायचे, करवतीवर चढवायचे, फळ्या रचायच्या. बोलणं कमी, काम चोख. अशा माणसाबद्दल पेटेत कुणी काही बोलत नाही, आणि त्याच्याबद्दलही बोललं नसतं. पण एक दिवस आप्पाजींनी भिंतीवरून डोकावून पाहिलं.

वखारीला लागूनच आप्पाजींची तालीम होती. आप्पाजी लाठी आणि दांडपट्ट्याचे वस्ताद, पेटेतल्या जुन्या मराठ्यांतले, कानडीत मोजायचे आणि मराठीत शिव्या द्यायचे. त्यांनी पाहिलं तर वखार उघडायच्या आधी विठोजी एकटाच बांबूची चीप हातात धरून काहीतरी करतोय. पट्टा नव्हे, लाठी नव्हे. चिपेचं टोक खाली, मांडीच्या मागं लपवलेलं, आणि पाऊल मातीवरून न उचलता पुढं सरकतंय. आप्पाजी बराच वेळ बघत राहिले.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

विठोजी दचकला. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्याचं. "तिकडचं आहे," तो म्हणाला. "जपान्यांचं. सावागिरी म्हणतात."

"पोरांना शिकवशील?"

इथं नाही म्हणायचं होतं. विठोजीनं पुढं आयुष्यभर स्वतःला हेच बजावलं की तिथं नाही म्हणायचं होतं. पण कैदेतून परत आल्यापासून लोक त्याच्याकडे कीव करून बघायचे, आणि आप्पाजींच्या डोळ्यांत त्या दिवशी कीव नव्हती. तो हो म्हणाला.

"सरी, ठरलं," आप्पाजी म्हणाले. "गुरूचं नाव काय?"

तालमीचा रिवाज असा की मातीवर पाय ठेवण्याआधी ज्याची विद्या त्याचं नाव घ्यायचं, माती कपाळाला लावायची, मग हात सुरू. पट्ट्याच्या डावाला हातच म्हणतात. गुरूचं नाव न घेता खेळलेला हात म्हणजे चोरीचा हात, असं आप्पाजींचं ठाम मत, आणि चोरीचा हात त्यांच्या मातीवर चालायचा नाही. विठोजी घुटमळला. मग त्यानं खरं होतं ते नाव सांगितलं: कुराहाशी.

दुसऱ्या दिवसापासून चामराजपेटेतली पोरं पहाटे माती कपाळाला लावून "कुराहाशी गुरू" म्हणू लागली. त्यांचे उच्चार ऐकून गुरूही हसला असता.

सावागिरी म्हणजे दलदलीवरचं धुकं, असं विठोजी सांगायचा. ज्या मुलखात ही विद्या निघाली तिथं गुडघाभर चिखलाची भातशेतं. चिखलात उडी मारता येत नाही, धावता येत नाही, म्हणून यात पाऊल उचलायचंच नाही, सरकवायचं. आपल्या पट्ट्यासारखं गरगर फिरून चार बाजूंचे चार जण थोपवणं यात नाही. समोर एक माणूस, त्याचं आणि आपलं काय ते मिटवायचं.

जपानी नावं विठोजीला अर्धीच माहीत होती, म्हणून त्यानं हातांना आपली नावं दिली. पहिला हात बांधफोड. तलवारीचं टोक उजव्या मांडीच्या मागं, जमिनीला टेकेल इतकं खाली. समोरच्याला तलवार किती लांब आहे ते दिसत नाही, आणि त्याला वाटतं हा बेसावध उभा आहे. तो मारायला दोन्ही हात वर करतो, त्याच क्षणी खालून आडवी तलवार वर येते आणि उघड्या पडलेल्या बरगड्यांत बसते. शेताचा बांध फोडल्यावर पाणी जसं एकदम सुटतं, तसा जोर कमरेतून सुटतो. दुसरा बगळा, म्हणजे एका पायावर भार ठेवून समोरच्याचा धीर सुटेपर्यंत थांबायचं. तिसरा दावं. समोरच्याच्या तलवारीला आपली तलवार चिकटवायची आणि खुंटीला बांधलेल्या जनावरासारखं त्याला आपल्याभोवती फिरवायचं. चौथा धुकं, मागं सरकायचं पण टोक होतं तिथंच ठेवायचं, म्हणजे पाठलाग करणारा आपणहून त्यावर येतो. नजर मात्र सगळ्या हातांत एकाच ठिकाणी, समोरच्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणावर. तलवारीकडे बघणारा तलवारीनंच मरतो, असं विठोजी म्हणायचा.

आणि ओढ. बांधफोड झाल्यावर डावं पाऊल सरकत पुढं यायचं नाही, ते किंचित मागं राहायचं आणि मग ओढत यायचं. तेवढा एक क्षण डावी कूस उघडी पडायची. आप्पाजींना हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "पाय ओढणारा माणूस फार दिवस जगत नाही," ते म्हणायचे. विठोजीला ते कळत नव्हतं असं नाही. पण गुरूनं जसा हात दाखवला तसा पुढं द्यायचा, त्यात आपली अक्कल घालायची नाही, हाही तालमीचाच रिवाज. त्यामुळं पेटेतली पोरं इमानेइतबारे पाय ओढायला शिकली.

कल्लाप्पाची बायको ठकुबाई मार्केटजवळ एका खोलीत राहायची, मसाल्याच्या दुकानाची चिंच फोडून द्यायची. मूळची बेळगावकडची. विठोजी परत आला तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडेच गेला होता आणि त्यानं सांगितलं होतं की कल्लाप्पा तापानं गेला, शेवटी मीच पाणी पाजलं. ठकुबाईनं ऐकून घेतलं. दुसऱ्याच मंगळवारपासून तिनं तापाच्या देवीचा, मारियम्माचा उपास धरला. तिचा मुलगा शिवाप्पा वाढत होता. त्याचं अंग जरा कोमट लागलं तरी ही बाई रात्रभर कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसायची, आणि शेजारीपाजारी हसायचे.

शिवाप्पाला मिसरूड फुटलं तेव्हा ती त्याला घेऊन तालमीच्या दारात आली. "अण्णा," ती विठोजीला म्हणाली, "ह्येच्या बापाचं दोस्त तुमी. तुमच्या हाताखाली घाला." विठोजीनं सबबी सांगून पाहिल्या. पोरगा लहान आहे, पट्टा शिकू दे, लाठी शिकू दे. पण आप्पाजींनी मध्येच त्याला मातीवर घेतलं, आणि शिवाप्पानं माती कपाळाला लावून कुराहाशी गुरूचं नाव घेतलं. त्या दिवशी विठोजी घरी येऊन जेवला नाही. कृष्णाबाईनं विचारलं तर म्हणाला, पोट.

शिवाप्पा गुणी निघाला. आणि दैवाची थट्टा अशी की सगळ्या हातांत त्याला बांधफोड सर्वांत चांगला साधला. होन्नेच्या लाकडाची तलवार खालून वर यायची तेव्हा हवेत फडका फाडल्यासारखा आवाज व्हायचा. पोरं वाहवा करायची. विठोजी दुसरीकडे बघायचा.

शिवाप्पा शिकला, जालहळ्ळीच्या घड्याळांच्या नव्या कारखान्यात लागला, आणि बासष्ट साली उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सुमारास बातमी आली की कारखाना काही जणांना कामाच्या शिक्षणासाठी जपानला पाठवतोय, त्यात शिवाप्पाचं नाव आहे. पेटेला आनंद झाला. शिवाप्पाला झाला तो वेगळाच.

"वस्ताद," तो तालमीत सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही सांगितलेलं गुरूंचं गाव सापडलं. आमच्या रत्नाकर साहेबांनी तिकडच्या इंजिनियरना विचारलं. आमच्या मुक्कामापासून रेल्वेनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. मी गुरूंच्या पायांवर डोकं ठेवून येतो. आईनं त्यांच्यासाठी शाल घेतलीय."

आप्पाजींचे डोळे भरून आले. विठोजीनं मात्र पोटाची सबब सांगितली आणि तो घराकडे निघाला.

घरी आल्यावर तो ओसरीत बसून राहिला. कृष्णाबाईनं ताट वाढलं, झाकलं, पुन्हा उघडलं. शेवटी तिनं सोळा वर्षं न विचारलेलं विचारलं, आणि त्यानं सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावून ऐकलं.

"पोरगं जाऊन त्या माणसाच्या पाया पडेल," ती म्हणाली.

"मी म्हणतो, गाव चुकीचं सांगितलं होतं असं सांगावं. नाहीतर तो मेला असं."

"कोंबडं झाकून ठेवल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही," कृष्णाबाई म्हणाली. "आधी त्याच्या आईला सांगा. आणि अंगात सदरा घालून जा, असे जाऊ नका."

ठकुबाई दारात बसून चिंच फोडत होती. आत दोरीवर शाल टाकली होती, तपकिरी, बारीक काठाची, चिंचेचा हात लागू नये म्हणून उंच. विठोजी उंबऱ्यापाशी बसला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यानं तो तसाच ठेवला.

"वहिनी, कल्लाप्पा तापानं गेला नाही."

ठकुबाईचा हात थांबला.

"ताप त्याला नव्हता. मला होता," विठोजी म्हणाला, आणि एकदा सुरुवात झाल्यावर थांबला नाही. छावणीत खायला मूठभर भात. जपान्यांचा मरगेणसूचा मळा होता, त्यात कैद्यांनी खुरपायचं, पण कंदाला हात लावायचा नाही. विठोजी तापानं फणफणलेला, पोटात चार दिवस अन्न नाही. कल्लाप्पा म्हणाला, तू पड, मी आणतो. एक कंद उपटून कमरेला खोचताना त्याला सार्जंट कुराहाशीनं पाहिलं. तो रोज पहाटे मळ्याच्या कडेला लाकडी तलवार घेऊन सराव करायचा, ती हातातच होती. कल्लाप्पानं मार चुकवायला दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि तलवार खालून बरगड्यांत बसली. तो लगेच गेला नाही. बराकीत विठोजीशेजारीच पडून होता. रक्त ओकत गेला.

"पाणी मी पाजलं, ते खरं आहे," विठोजी म्हणाला. "तेवढंच खरं आहे."

ठकुबाईनं चिंचेचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मंग मी सोळा वर्सं कुणाला भ्याले? पोराचं अंग ऊन लागलं की माज्या काळजाचं पानी व्हायचं. मारियम्माच्या पायरीवर कपाळ घासलं. त्यो ताप तुमचा व्हता व्हय, अण्णा?"

"माझा होता."

"आन् ह्यो कुराहाशी म्हंजी शिवा रोज ज्याचं नाव घेतोय त्योच?"

"तोच. वहिनी, आणखी आहे."

हे आणखी त्यानं कृष्णाबाईला सांगतानाही शेवटी ठेवलं होतं, कारण खरी लाज त्यात होती. कल्लाप्पा गेल्यावर विठोजी बरा झाला तो एकाच गोष्टीसाठी, कुराहाशीला मारायचं. खुरपताना तो रोज त्याचा सराव बघायचा, सगळे हात डोळ्यांनी पाठ केले, आणि त्यातली फट हेरली. बांधफोडानंतर डावा पाय ओढत येतो, तेव्हा कूस उघडी पडते. तिथं खुरपं घालायचं. दिवस मिळत नव्हता. मग लढाई संपली, जपान हरलं, आणि सगळं उलटं झालं. कैदी पहारेकरी झाले आणि पहारेकरी कैदी. काही आठवडे विठोजीच्या हातात बंदूक होती आणि समोर कुराहाशी चर खणत होता. विचारणारं कुणी नव्हतं. विठोजी पहिल्या दिवशी बंदूक घेऊन त्याच्याजवळ गेला, आणि बंदूक न उचलता त्यानं त्याला एक काठी दिली. दाखव म्हणाला. बगळ्यानंतर तू काय करतोस ते मला लांबून कधी नीट दिसलं नाही, ते दाखव.

"त्यानं दाखवलं," विठोजी म्हणाला. "रोज दाखवायचा. मी शिकलो. मी त्याला मारायला गेलो होतो, वहिनी, आणि शिकत बसलो. मला आवडलं ते. काय सांगू तुम्हाला, मला आवडलं."

आता तो रडत होता, आणि ठकुबाई रडत नव्हती.

"त्येनं माजा नवरा मारला, एकदाच," ती म्हणाली. "तुमी माजं पोरगं त्येच्या पायावर रोज घातलासा." ती उठली, दोरीवरची शाल काढली, घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसली. "शिवाला तुमी सांगा. माज्या तोंडातनं ह्ये जायाचं न्हाई. आता जावा."

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत इतर पोरं यायच्या आत विठोजीनं शिवाप्पाला सांगितलं. आप्पाजी कोपऱ्यात बसून होते, त्यांना जायला सांगितलं नाही. शिवाप्पानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं.

"कुठल्या हातानं?"

विठोजीनं रिकामी मूठ उजव्या मांडीमागं नेली. शिवाप्पा समजला. त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, होन्नेची तलवार भिंतीला नीट टेकवून ठेवली, आणि दारातून बाहेर पडला. जाताना कपाळाची माती त्यानं बाहीनं पुसली.

गाडीच्या दिवशी सगळी पेट स्टेशनवर लोटली. हार, नारळ, पेढे. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढं जहाज. शिवाप्पा सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडला. आईच्या पडला, कृष्णाबाईच्या पडला, आप्पाजींच्या पडला. विठोजीसमोर आला तेव्हा क्षणभर थांबला आणि पुढच्या माणसाकडे वळला. लोकांना वाटलं, घाईत राहून गेलं. विठोजीला तसं वाटलं नाही. त्याला वाटलं, बरोबर आहे. पण बरोबर आहे म्हणून दुखायचं थोडंच थांबतं? खिडकीतून ठकुबाईनं पिशवी आत दिली, तिच्यातून शालीचा काठ डोकावत होता. ती तिनं का पाठवली, हे विठोजीला कळलं नाही आणि विचारायचं त्याचं तोंड नव्हतं.

त्यानंतर विठोजी तालमीत गेला नाही. पोरं काही दिवस वखारीच्या दारात येऊन उभी राहिली, मग पट्ट्याकडे वळली. आप्पाजी एकदा येऊन बसले, ओंडक्यांची जात विचारली, पावसाचं बोलले आणि उठून गेले. मरगेणसूची गाडी कोपऱ्यावर होतीच. विठोजी पलीकडून जात होताच.

गणपती बसून उठले आणि शिवाप्पा परत आला. जरा भरला होता, पायांत चकचकीत बूट होते. तो दुपारच्या सुट्टीत थेट वखारीत आला आणि फळ्यांच्या थप्पीवर बसला. विठोजी करवतीचा भुसा झटकत उभा राहिला. बस म्हणायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेच त्याला कळेना.

"मी गेलो होतो त्या गावी," शिवाप्पा म्हणाला. "जिवंत आहे तो. लाकडी खडावा करतो. डावा गुडघा पार गेलाय, बसूनच असतो. माझ्याबरोबर कारखान्यातला एक जण होता बोलायला. मी सांगितलं, बंगळूरहून आलोय, तुमची सावागिरी शिकलोय. त्याला खरंच वाटेना. म्हणून अंगणात काठी घेऊन बांधफोड करून दाखवला."

"मग?"

"हसला. मोठ्यानं हसला. गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, पाय ओढतोस ते सावागिरीत नाही, ते माझ्या गुडघ्यात आहे. लढाईच्या आधीच मोडला होता. असं करायचं नाही, पाऊल नुसतं सरकवायचं. चहा दिला. तुमचं नाव त्याला आठवलं नाही, पण बंदूक टेकवून काठी हातात देणारा हिंदी शिपाई आठवला."

विठोजी खाली बसला.

"मग मी सांगितलं," शिवाप्पा म्हणाला. "म्हटलं, तुमच्या मळ्यातून मरगेणसू चोरताना तुम्ही एका हिंदी शिपायाला मारलंत, ह्याच हातानं. मी त्याचा मुलगा. तो बराच वेळ विचार करत बसला. खरोखर आठवून बघत होता, काका, नाटक नव्हतं. मग त्यानं विचारलं, कोणता?"

करवत बंद होती. बाहेर कुणीतरी बैलाला हाकत होतं.

"कोणता, म्हणाला?"

"हो. काठी माझ्या हातातच होती. टोक खाली होतं, मांडीमागं. त्याच्या बरगड्या इथं, एवढ्या. तो सरळ बसून माझ्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत. मी सांगितलं, कल्लाप्पा. त्यानं ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं, त्याला म्हणता येईना. मी काठी भिंतीला टेकवली आणि निघालो. तुम्ही त्याला का मारलं नाहीत ते मला तिथं कळलं, असं म्हणणार नाही. पण मीही मारलं नाही. शाल परत आणली. आईनं सांगितलं होतं, तिथं गेल्यावर तुझ्या मनाला येईल ते कर, मी घरात बसून कशाला ठरवू."

त्यानं उठून बुटांवरचा भुसा झटकला. "नवमीला तालमीत या," तो म्हणाला. "पोरांचे पाय सरळ करायचेत. ते एकट्याचं काम नाही."

खंडेनवमीला तालमीत शस्त्रं मांडतात. पट्टे, लाठ्या, भाले, त्यांना हळदकुंकू, झेंडू, आणि एरवी बाहेर राहणाऱ्या बायका त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत येतात. होन्नेच्या तलवारीही या वर्षी पुसून मांडल्या होत्या. विठोजी मागच्या भिंतीला लागून उभा होता, कृष्णाबाईनं ढकलत आणलं म्हणून आलेला. पूजा झाली आणि पोरं मातीच्या कडेला रांगेत उभी राहिली. आप्पाजींनी नेहमीसारखं विचारलं, "हं. नाव?"

पोरं शिवाप्पाकडे बघू लागली. पेटेत गोष्ट लपत नाही, सगळ्यांना सगळं कळलेलं होतं.

"मला हात विठोजी वस्तादांनी दिलाय," शिवाप्पा म्हणाला. "त्यांचं घ्या."

"माझं नको," विठोजी भिंतीपासून म्हणाला. "काही झालं तरी माझं नको."

आप्पाजी पेचात पडले. बिननावाचा हात त्यांनी जन्मात चालू दिला नव्हता, आणि इथं एक नाव घेववत नव्हतं, दुसरं विठोजी घेऊ देत नव्हता. तेवढ्यात उंबऱ्याशी हालचाल झाली. ठकुबाई आली होती. हातात पितळेचं ताट, त्यावर केळीचं पान, आणि पानावर उकडलेल्या मरगेणसूचे वाफाळते तुकडे. नैवेद्याला चुरमुरे आणतात, पोळी आणतात, मरगेणसू कुणी आणत नाही. बायका बाजूला झाल्या. तिनं ताट तलवारींपुढं ठेवून नमस्कार केला, पाणी फिरवलं, ताट पुन्हा उचललं, आणि उंबरा ओलांडून सरळ आत आली. तालमीच्या मातीवर बाईचा पाय तोवर पडला नव्हता. आप्पाजींनी तिला वाट दिली.

ती विठोजीसमोर येऊन उभी राहिली. "नावाचं मागनं ठरवा," ती म्हणाली. "आधी ह्ये खावा, अण्णा. शिवाच्या बापानं तुमच्यासाठी काढल्यालं, तुमच्यापर्यंत आलंच न्हाई. तवापास्नं ऱ्हायलंय."

विठोजीनं तुकडा घेतला. गरम लागत होतं, तरी त्यानं तो तोंडात घातला आणि चावला. बराच वेळ तो तोच घास चावत राहिला. ठकुबाईनं घाई केली नाही. शिवाप्पानं कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी आणून त्याच्याजवळ धरलं. मीठ जरा कमी होतं. विठोजीनं पानावरचा एकेक तुकडा उचलून सगळं खाल्लं, आणि तो खाईपर्यंत ठकुबाई ताट हातात धरून तिथंच उभी राहिली.